कमी चालणाऱ्या गाडीचे आवाज: ब्रेकची खरखर आणि स्टिअरिंगचं 'टण्'

मिऱ्याकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला आमचं घर, खारं वारं थेट पडवीत येतं. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. एवढ्या वर्षांत जेमतेम २२ हजार किलोमीटर झालीय. पूर्वी हे चालवायचे, आता त्यांना नीट दिसत नाही म्हणून मी चालवते. बाजार, बँक, कधी मारुती मंदिरापर्यंत. त्यापुढे क्वचित. पावसाळ्यात तर गाडी आठवडा आठवडा जागची हलत नाही.

तीन आवाज येतात. सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की पुढून खर्रर्र होतं, बाजारात पोचेपर्यंत थांबतं. गाडी बरेच दिवस उभी असली की निघताना मागून डावीकडून 'धप्' असा धक्का बसतो आणि मग ती सुटते. दुसरा आवाज स्टिअरिंगचा. फाटकातून बाहेर काढताना चाक पूर्ण वळवावं लागतं, तेव्हा डाव्या बाजूला 'टण्' होतं, थोडं आणखी वळवलं की पुन्हा 'टण्'. सरळ रस्त्याला काही नाही. तिसरा, भर दुपारी गाडी तापलेली असताना स्टिअरिंगच्या दांड्यातून चर्र चर्र असा घासल्यासारखा आवाज.

एका गॅरेजवाल्याने गाडी वर न उचलताच सांगितलं की रॅक, म्हणजे चाकं वळवणारा स्टिअरिंगचा भाग, गेला, पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅडही बदला, ३८ हजार होतील. दुसऱ्याने सांगितलं, गाडी चालवत नाही म्हणून वाजते, दुर्लक्ष करा. यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोल्हापूरला न्यायचंय, म्हणजे आंबा घाट आला. पैसे घालायला माझी ना नाही, पण कशासाठी घालतेय ते कळायला हवं. आणि दुर्लक्ष करून घाट उतरायची माझी तयारी नाही. जाणकारांनी सांगावं.

सोमवारपेठ

सकाळच्या खर्रर्रची काळजी नको. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी, बिडाची असते, दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर गंजाचा पापुद्रा धरतो. चार-पाच ब्रेकमध्ये तिच्यावर दाबले जाणारे पॅड तो पुसून टाकतात. पुण्यात पावसाळ्यात माझ्याही गाडीला होतं. स्टिअरिंगचं मात्र मला सांगता येणार नाही.

अजय_वसई

हाच त्रास इकडे वसईलाही आहे. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो डिस्कवर मारला तर चालेल का? दाराच्या बिजागरीला तो छान लागू पडतो.

लांज्याचा फिटर

आधी अजयभाऊंना उत्तर, कारण ते तातडीचं आहे. नाही, अजिबात मारायचा नाही. त्या स्प्रेमध्ये तेल असतं. डिस्कवर तेल गेलं की पॅड ते पिऊन घेतात आणि मग ब्रेक लागत नाही, किंवा एकाच बाजूला लागतो आणि गाडी ओढते. तेल प्यालेले पॅड धुऊन परत चांगले होत नाहीत, फेकावे लागतात. डिस्क पुसायचीच असेल तर ब्रेक क्लीनर म्हणून वेगळा स्प्रे येतो, तो उडून जातो, मागे काही ठेवत नाही. ग्रीसचंही तेच. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिनांना साधं बेअरिंगचं ग्रीस लावणारे मी भरपूर पाहिलेत. त्याने आतलं रबर फुगतं आणि पिन जॅम होते. तिथे सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं.

आता ताई, तुमच्या गाडीकडे येतो. माझं आयुष्य गॅरेजात गेलं, आता घरीच असतो, पण वाडीतल्या गाड्या अजून बघतो. तुम्हाला भेटलेले दोघेही घाईत बोलले. बंद गाडी वाजते हे खरं. म्हणून दुर्लक्ष करा हे त्यातून निघत नाही. चालणाऱ्या गाडीचे भाग झिजतात. उभ्या गाडीचे गंजतात, चिकटतात, रबर सुकतं, ऑइल पाणी ओढतं. किलोमीटरच्या काट्यावर यातलं काही दिसत नाही. म्हणूनच सर्व्हिसच्या पुस्तकात 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं छापलेलं असतं. आमचे लोक किलोमीटर वाचतात आणि महिने सोडून देतात, याचा मला मनापासून राग येतो. मिऱ्याच्या खाऱ्या हवेतली २२ हजार चाललेली गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे.

तुमचे तीन आवाज प्रत्यक्षात चार आहेत. खर्रर्र आणि मागचं धप् ही वेगळी दुखणी.

खर्रर्रबद्दल सोमवारपेठ यांनी बरोबर सांगितलं, फक्त एक तपासायचं राहिलं. पापुद्रा गंज पुसला जातो, खड्डे पडलेला गंज जात नाही. गाडी दोन-चार किलोमीटर चालवून आणा, डिस्क पूर्ण गार होऊ द्या आणि मग चाकाच्या फटीतून टॉर्च मारा. पॅड घासतात तो पट्टा एकसारखा चकचकीत दिसला तर डिस्क चांगली आहे. त्या पट्ट्यात तांबूस-काळे डाग राहिले असतील, नख फिरवल्यावर खड्डा लागत असेल, तर गंज आत गेलाय. तरीही लगेच नवी डिस्क लागतेच असं नाही. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. फिटरने मापून बघायचं, जाडी शिल्लक असली तर लेथवर वरचा पातळ थर काढून काम होतं. न मापता 'डिस्क बदला' म्हणणाऱ्याला जाडी किती भरली ते विचारा.

एक आवाज मात्र लक्षात ठेवा. ब्रेक दाबल्यावर बारीक, उंच किंचाळल्यासारखा, गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला लागून ओरडते. तुमच्या वर्णनात तो आवाज नाही, पण यायला लागला तर गॅरेजात दाखवायला उशीर करायचा नाही.

मागचं धप् मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हँडब्रेक ओढून गाडी दमट हवेत उभी राहिली की लायनर, म्हणजे ड्रमच्या आतले घासणारे पट्टे, ड्रमला चिकटतात. निघताना ते सुटतात तोच हा धक्का. डावीकडेच का, हे ड्रम उघडल्याशिवाय कळणार नाही. हँडब्रेकची केबल आत गंजून पूर्ण मागे येत नसेल, किंवा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग, पाझरत असेल. सिलिंडर पाझरत असेल तर घाटाचं नावही काढू नका.

स्टिअरिंगबद्दल मत देण्याआधी चार गोष्टी सांगा.
गाडी जागेवर उभी असताना चाक वळवलं तरी टण् होतं का, की चालतानाच होतं?
चाक पूर्ण वळवून हळू पुढे गेल्यावर टक-टक-टक अशी चाकाच्या गतीबरोबर रांग लागते का?
गाडी उभी ठेवून स्टिअरिंग नुसतं थोडं थोडं, भराभर डावी-उजवीकडे हलवलं तर काही खडखडतं का?
बॉनेटखाली पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची वेगळी बाटली आहे का?

आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, तेही सांगा.

मिऱ्याकाठ

दादा, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. मुलाला टॉर्च घेऊन खाली वाकायला लावलं.

डिस्कचा पट्टा चकचकीत आहे, फक्त कडेला गंजाची रेघ आहे. गाडी उभी असतानाही टण् होतं, त्यासाठी ती चालावी लागत नाही. टक-टक रांग नाही. भराभर हलवल्यावर काहीच वाजत नाही. स्टिअरिंगच्या ऑइलची बाटली सापडली नाही. ब्रेक ऑइल बदलल्याची सगळ्या बिलांत एकदाही नोंद नाही. यांना विचारलं तर म्हणाले, चाळीस हजार किलोमीटरला बदलतात.

चिपळूणकर मंदार

ताई, गाडी कधी पाण्यात उभी होती का? २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा माझ्या गाडीची अर्धी चाकं बुडाली होती. इंजिनला काही झालं नाही म्हणून मी निश्चिंत होतो. काही महिन्यांनी मागून घूं असा आवाज सुरू झाला, वेग वाढला की वाढायचा. मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं, ड्रममध्ये गाळ वाळून बसला होता. चाकं बुडाली असतील तर ड्रम उघडून धुऊन घ्यायलाच हवेत, आवाज असो वा नसो.

मिऱ्याकाठ

नाही हो मंदार, आमच्याकडे पाणी भरलं नाही. फक्त वारं आणि पाऊस.

लांज्याचा फिटर

मंदार यांचा मुद्दा कोकणातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. विशेषतः जुनी गाडी घेताना.

ताई, तुमच्या उत्तरांवरून सांगतो. बाटली नाही म्हणजे स्टिअरिंग बहुतेक इलेक्ट्रिक आहे. म्हणजे पंप, बेल्ट, ऑइल कमी होणं हे विषयच नाहीत. टक-टक रांग नाही म्हणजे एक्सलचा बाहेरचा जॉइंट सध्या बरा आहे. तरी त्याचा रबरी बूट फाटलाय का ते बघायला सांगा, बूट फाटला की आत चिखल जातो आणि मग जॉइंट वाचत नाही. भराभर हलवल्यावर खडखड नाही, म्हणजे रॅकचा बुश किंवा टाय रॉड एंड सैल झाल्याची खूण मला दिसत नाही. रॅक गेला तर आधी खराब रस्त्यावर हाताला ठोके जाणवतात. तुमचा आवाज त्या जातीचा नाही.

माझा संशय पुढच्या डाव्या शॉकअपच्या वर असलेल्या माउंटिंगच्या बेअरिंगवर आहे. पुढच्या शॉकअपला गुंडाळलेली मोठी स्प्रिंग असते. तुम्ही चाक वळवता तेव्हा शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही त्याच्याबरोबर फिरायला हवेत, आणि त्यासाठी वरच्या टोकाला एक चपटं बेअरिंग असतं. त्यात खारं पाणी आणि धूळ जाऊन ते गंजलं की फिरत नाही. मग दोरीला पीळ बसावा तसा स्प्रिंगला पीळ बसतो, आणि तो एकदम सुटला की टण्. आणखी वळवलं की पुन्हा पीळ, पुन्हा टण्. म्हणूनच उभ्या गाडीतही होतं आणि सरळ रस्त्याला होत नाही.

ते सिद्ध करायला वेळ लागत नाही. गाडी जमिनीवरच, उचलायची नाही. एकाने स्टिअरिंग सावकाश वळवायचं, फिटरने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला फक्त बोटांची टोकं टेकवायची. वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही, चिरडेल. आवाजाच्या क्षणी स्प्रिंग उडी मारल्यासारखी सरकली तर निदान झालं. हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. करून दाखवत नसेल तर दुसरं गॅरेज बघा, रॅकचे पैसे देऊ नका.

काम गॅरेजातच करायचं, घरी नाही. स्प्रिंग दाबून धरायचं साधन लावल्याशिवाय वरचा मधला नट सोडला तर स्प्रिंग उसळते, माणसाचा जीव जाऊ शकतो. बेअरिंग दोन्ही बाजूंची एकदमच टाका. उजवं त्याच हवेत तितकीच वर्षं उभं आहे. आणि शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले की चाकांची अलाइनमेंट हलते, ती नंतर तपासून घ्या.

दुपारची चर्र मला साधी वाटते. स्टिअरिंगचा दांडा जिथे तळातून खाली जातो तिथे रबरी सील असतं, ते उन्हात सुकून घासतं. किंवा वरचं प्लास्टिकचं कव्हर लागत असतं. सिलिकॉन ग्रीसच्या बोटाने काम होतं. हॉर्न नीट वाजतोय आणि एअरबॅगचा दिवा चालू गाडीत लागत नाही एवढं बघा. यातलं काही बिघडलं असेल तर स्टिअरिंगच्या आतली तारांची गुंडाळी बघावी लागेल, आणि तिथे एअरबॅग असल्याने शिकाऊ पोराला हात लावू देऊ नका.

आता ज्याचा आवाज येत नाही ते, आणि माझ्या मते तुमच्या गाडीतलं सगळ्यात गंभीर. ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी चालो की उभी राहो. डॉट-३ प्रकारचं ऑइल नवं असताना कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं असं मानक आहे, पाणी मुरल्यावर ते १४० वर येतं. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात सारखा ब्रेक दाबत उतरलं की कॅलिपर तापतो, पाणी मुरलेलं ऑइल आत उकळतं, वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आधी कसलाही आवाज नाही, गावात चालवताना कसलीही खूण नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, काटा कितीही दाखवो. तुमचं २०१६ पासून तेच असेल तर ते काढल्याशिवाय आंबा घाट नको. हे मी हात जोडून सांगतो.

बाटली तुमच्यासमोर सील फोडलेली हवी. कितवं ऑइल घालायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. वरची टाकी नुसती उपसून भरणं म्हणजे बदलणं नव्हे, चारी चाकांच्या ब्रेकमधून हवा काढत जुनं ऑइल बाहेर आलं पाहिजे.

आणि टायर. कंपनीचेच पहिले असतील तर नक्षी शाबूत दिसेल, पण टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तिथे १६ किंवा १५ दिसलं आणि बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील, तर घाटाआधी टायर बदला.

अजय_वसई

बरं झालं विचारलं, स्प्रे मारणारच होतो. दादा, गाडी उभी ठेवायचीच असेल तर हँडब्रेकचं काय करायचं?

लांज्याचा फिटर

जागा सपाट असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. उतारावर असेल तर हँडब्रेक ओढावाच लागतो, तिथे चिकटण्यापेक्षा गाडी घरंगळणं वाईट. गाडी धुतली की लगेच आत लावू नका. एक फेरी मारा, ब्रेक गरम होऊन वाळू द्या, मग लावा. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा आणि मोकळा रस्ता बघून पन्नास-साठच्या वेगातून काही वेळा दणकून ब्रेक घ्या, मागे कोणी नाही ना ते आरशात बघून. बाजारापर्यंत रांगत जाऊन येण्याने डिस्क पुसली जात नाही. जागेवर इंजिन चालू ठेवण्याने तर ब्रेकला काहीच होत नाही.

मिऱ्याकाठ

काम झालं, सगळ्यांना कळवते.

तिसऱ्या गॅरेजात गेले आणि तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले. तिथल्या मुलाने स्प्रिंगला बोटं टेकवली, मी स्टिअरिंग वळवलं. टण् झालं तसा तो स्वतःच म्हणाला, बेअरिंग आहे. दोन्ही बाजूंची टाकली. जुनं मला हातात दिलं, डावं फिरतच नव्हतं, आत तांबडी पूड. आवाज पूर्ण गेला आणि स्टिअरिंग हलकं झालं. इतकी वर्षं ते जड आहे हेसुद्धा मला कळलं नव्हतं.

मागचा डावा ड्रम काढायला वेळ लागला, हातोडीने ठोकून काढला. सिलिंडर पाझरत होता. लायनर एका बाजूला ओले झाले होते. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर बदलले, हँडब्रेकची डावी केबलही. तो मुलगा ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायला निघाला होता, शेजारच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ओरडून थांबवलं आणि ओल्या फडक्याने पुसायला लावली. ब्रेक ऑइल काढलं ते चहासारखं काळपट निघालं. पुढच्या डिस्क मापल्या, जाडी भरपूर आहे, पॅड अर्ध्याहून जास्त आहेत. तिथे फक्त पिना साफ करून ग्रीस लावलं. चर्र आवाज सीलचाच होता.

टायरवर शेवटचे आकडे १६ निघाले आणि भेगाही होत्या, चारही बदलले. टायर धरून खर्च त्या ३८ हजारांच्या आत बसला, आणि त्या ३८ हजारांत मागचा सिलिंडर धरलेलाच नव्हता. हे कळल्यावर मी थोडा वेळ गाडीजवळच बसून राहिले.

आता कोल्हापूर. यांची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. घाटाबद्दल काही सांगाल का? मी आजवर तो कधी स्वतः चालवलेला नाही.

लांज्याचा फिटर

ताई, सिलिंडर पाझरतोय हे वेळेत कळलं, फार बरं वाटलं. आणि धूळ उडवू न देणाऱ्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, तो फुप्फुसात जातो. आमच्या पिढीतल्या कोणी ते आम्हाला सांगितलं नव्हतं.

जाण्याआधी एकदा हातखंब्यापर्यंत जाऊन या. नवे लायनर ड्रमवर बसायला थोडं चालणं लागतं, टायरही नवे आहेत. परत आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. पुढची दोन सारखी गरम लागतील, मागची दोन कमी पण आपसात सारखी. एखादंच चाक भाजत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, गाडी परत त्या मुलाकडे न्या.

कोल्हापूरला जाताना पायथ्याच्या साखरप्यानंतर घाट चढायचा आहे, त्यात ब्रेकला फारसं काम नाही. परीक्षा परतीला, घाटमाथ्यावरच्या आंबा गावाहून साखरप्याकडे उतरताना. उतार लागण्याआधीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्या, मोकळा पट्टा असेल तिथे तिसरा. वेग इंजिनने धरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. वेग वाढला की ठाम दाबून कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून कधीही उतरायचं नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन वेग धरत नाही, आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते. मागचा ट्रक हॉर्न देत असेल तर वळण सोडून रुंद जागा बघा, बाजूला घ्या, त्याला जाऊ द्या. धुकं असेल तर आंब्याला चहा घेऊन थांबा.

पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय किंवा जळका वास येतोय असं वाटलं तर लगेच सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास गाडी उभी ठेवा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं तर परतताना यजमानांना उजेडाचा त्रास होईल, काळा चष्मा बरोबर घ्या. आणि उजेड असतानाच घाट उतरेल अशा बेताने निघा.